सक्युलंटची पानं सुरकुतलीत पण माती ओली आहे, पाणी घालू की नको? (मदत हवी आहे)

मंडळी, दीड महिन्यापूर्वी दुकानातून एक छोटं सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारं रोप) आणलं, गुलाबाच्या फुलासारखी पानं असतात ना तसलं. लेबलवर नाव वगैरे काही नाही, नुसतं 'सक्युलंट', फोटो ताडून बघितल्यावर एचेवेरिया असावं असं वाटतंय. आणलं तेव्हा एकदम गुटगुटीत होतं, आता खालची पानं पिवळी, आरपार दिसतील अशी झालीत आणि नुसता हात लागला तरी गळतात, आणि वरची मात्र सुरकुतलीत, म्हणजे एकाच रोपाला पाणी जास्त पण झालंय आणि कमी पण, असं कसं? शिवाय शेंडा लांबलाय आणि खिडकीकडे मान वळवून बसलाय.

कुंडी सिरॅमिकची आहे, खाली भोक नाही, वर पांढरे खडे आहेत ते चक्क गोंदाने चिकटवलेले आहेत. पाणी आठवड्याला अर्धा कप घालत होते, सुरकुत्या दिसल्या म्हणून मागच्या आठवड्यात दोनदा घातलं. कुंडी बदलायची तर आत्ताच बदलू की जरा सावरल्यावर? प्लीज लवकर सांगा, याआधी एक कॅक्टस घालवलाय मी (त्याच्यावरचं फूलही चिकटवलेलं निघालं होतं, ते वेगळंच).

प्रतिसाद:
पाणी बंद. सावरायची वाट बघू नका, त्या कुंडीत ते सावरणार नाही. आजच बाहेर काढा आणि मुळं कशी आहेत ते इथे लिहा.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. तुमचं कोडं तसं सोपं आहे, मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, भोक नसलेल्या कुंडीत पाणी साचून राहिलं की मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग रोप पानांत साठवलेलं पाणी वापरायला लागतं, पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं तहान लागलीय आणि आपण अजून ओततो. बरेच लोक इथेच फसतात, मीही फसलोय. सुरकुत्या दिसल्या की आधी माती बघायची, बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा, ओलसर आली तर पाण्याला हात लावायचा नाही.

शेंडा लांबला तो उजेड कमी पडल्यामुळे. तो आता परत आखूड होणार नाही, पुढची वाढ तेवढी घट्ट येईल.

धागाकर्ती:
काढलं बाहेर. खडे चाकूने उचकटावे लागले. आत सगळं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चिखल झालेलं, आणि मुळांभोवती एक बारीक जाळीची पिशवी निघाली, ती असते का?? मुळं तपकिरी, ओढली की दोऱ्यासारखी हातात येतात, वास पण येतोय. खोड खालून इंचभर काळं आणि मऊ आहे. गेलं का हे?

प्रतिसाद:
नाही गेलं, शेंडा टणक असेल तर अजिबात नाही. ती जाळी नर्सरीत लहान रोपं वाढवताना असते, विकताना कोणी काढत नाही, कापून टाका. कोकोपीटही त्यांच्या सोयीचं, हलकं असतं आणि तिथे भरपूर उजेड असतो म्हणून वाळतंही, घरात तेच दिवसेंदिवस ओलं राहतं.

आता मन घट्ट करून मुंडकं उडवायचं. ब्लेड स्पिरिटने पुसा, खोड काळ्या भागाच्या वर कापा, काप बघा. मधे तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर अजून वर कापा, दर कापाआधी ब्लेड परत पुसायचं, पूर्ण स्वच्छ फिकट हिरवं दिसेपर्यंत. ठिपका 'एवढासाच तर आहे' म्हणून सोडला तर तो आठवड्यात वर चढतो. खालची दोनचार पानं काढून इंचभर दांडा मोकळा ठेवा आणि सावलीत, हवेशीर जागी कोरडंच ठेवा, काप वाळून खपली धरेपर्यंत, साधारण ४-५ दिवस, जाड दांडा असेल तर आठवडा.

नवीन कुंडी मातीची, खाली भोक असलेली आणि रोपापेक्षा फार तर इंचभर रुंद घ्या. मोठी घेतली की जास्त माती, जास्त ओल. मिश्रणात एक भाग कोकोपीट किंवा कंपोस्ट आणि दोन भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा जाडी वाळू, बांधकामाची बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. खत सध्या नाही.

प्रतिसाद:
मी तर तळाशी खड्यांचा थर देते आणि रोज पानांवर स्प्रे मारते, छान राहतं.

प्रतिसाद:
तुमच्याकडे ऊन भरपूर असणार मग. पण खड्यांच्या थराने निचरा वाढत नाही, वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली खड्यांत उतरतच नाही, म्हणजे ओल उलट मुळांच्या जवळ येते. आणि स्प्रेचं पाणी मधल्या खळग्यात साचून तिथूनच कुजायला लागतं. पानांवरची ती पांढरट पावडरही पुसू नका, निघाली की त्या पानावर परत येत नाही.

धागाकर्ती:
तीन आठवडे झाले म्हणून सांगायला आले. दोनदा कापावं लागलं, पहिल्या कापात ठिपका दिसत होता. सहा दिवस वाळवून कोरड्या मिश्रणावर बसवलं, पाणी न घालता ठेवून देणं सगळ्यात अवघड गेलं, रोज जाऊन बघत होते. काल हळूच उचललं तर खाली गुलाबी मुळं!! आता पाणी?

प्रतिसाद:
आता घाला, कडेकडेने, खालून बाहेर येईपर्यंत, बशीत साचलेलं ओतून द्या. परत पूर्ण कोरडं झाल्यावरच, वार बघून नाही. कुंडी उचलून बघायची सवय लावा, हलकी लागली की वेळ झाली. ऊन एकदम देऊ नका, आधी सकाळचा तासभर, मग दोन आठवड्यांत वाढवत न्या, नाहीतर पानं भाजून डाग पडतात आणि ते डाग जात नाहीत.

धागाकर्ती:
थँक्यू! अजून एक, काढलेल्या पानांतली टणक चार मी तशीच मातीवर ठेवली होती, एकाला मूळ आलंय पण ते हवेत वर वाकलंय. पान खुपसू का मातीत?

प्रतिसाद:
खुपसू नका, कुजेल. त्या मुळावर चिमूटभर मिश्रण भुरभुरवा आणि तिथेच राहू द्या.