अलेक्झांड्रियात तीन रात्री जास्त होतील का? सोबत गुडघेदुखीवाली आई (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि आई इजिप्तला निघतोय. व्हिसा, विमान, कैरोतला मुक्काम सगळं झालंय. घोडं अडलंय अलेक्झांड्रियापाशी.

ज्या टूरवाल्याला विचारावं तो एकच सांगतो, "मॅडम, कैरोहून सकाळी निघायचं, रात्री परत." एकाने पाठवलेल्या कार्यक्रमात सव्वादोनशे किलोमीटर जाऊन किल्ला, खांब, वाचनालय 'बाहेरून', आणि जेवायला दोन तास! बाहेरूनच बघायचं तर कोल्हापुरात बसून फोनवर बघू की.

आई निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवायची. आमच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा पोसायडन आहे, जेमतेम वीतभर. दरवर्षी वर्गातली पोरं ओळीने त्याच्यासमोर उभी करून ती विचारायची, "हा ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला?" एकाने उत्तर दिलं होतं, "बाई, पोहत." ते ती अजून सगळ्यांना सांगते. आता तिला त्या वाटेचं दुसरं टोक बघायचंय. पिरॅमिड नाही दिसले तरी चालतील म्हणते.

वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सपाटीवर तास-दीड तास चालते, जिना मात्र कठडा धरून. तर कोम अल-शुकाफाची भुयारी थडगी तिला झेपतील का? राहायचं कुठे? ती पक्की शाकाहारी (मी नाही), तिच्या जेवणाचं काय? आणि कुणीतरी तिकडे त्या सुमारास पाऊस असतो म्हणालं. इजिप्तमध्ये पाऊस? चेष्टा ना?

प्रतिसाद

ताई, नोकरीनिमित्त दोन वर्षं कैरोत होतो, अलेक्झांड्रियाला पाच-सहा वेळा गेलोय. तीन रात्री ठेवाच.

रॅमसिस स्टेशनवरून रेल्वेने जा, अडीच-तीन तास लागतात. शेवटाआधी सिदी गाबर लागतं, तिथे निम्मी गाडी रिकामी होते. त्यांच्या मागोमाग उतरू नका. मी पहिल्या खेपेला बॅगा घेऊन उतरलो आणि मग टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत बसलो. तुम्ही शेवटच्या 'महत्तित मस्र'ला उतरा. टॅक्स्या काळ्या-पिवळ्याच आहेत, मुंबईची आठवण येईल. भाडं आधी ठरवा.

राहायला रमल स्टेशन किंवा सअद झगलूल चौकाच्या आसपास बघा. खोली समुद्राकडची घ्या, पण कॉर्निशचा, म्हणजे समुद्रकाठचा, रस्ता रुंद आणि गाड्या सुसाट. काकूंना घेऊन धावत ओलांडायचं धाडस नको, जिथे भुयारी मार्ग आहे तिथूनच जा.

आता शुकाफा. १९०० साली एक गाढव जमिनीत खचून पडलं आणि ही थडगी सापडली. मधोमध विहिरीसारखी खोल पोकळी, तिच्याभोवती गोल फिरत जाणारा जिना, ९९ पायऱ्या. मृतदेह दोरांनी त्या पोकळीतूनच खाली सोडत. लिफ्ट नाही. खाली उतरल्यावर मुख्य थडग्याच्या दाराशी बघा: कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस उभा आहे, पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत! देव इजिप्तचा, पोशाख रोमचा. तुमच्या आईंना पोसायडनपेक्षा हा जास्त आवडेल, पैज लावतो. सकाळी उघडताच जा, एक हात भिंतीला, घाई नाही. त्या दिवशी दुसरा कुठलाही जिना ठेवू नका, काइतबाय किल्ला तर नाहीच.

आणि हो, मोठ्या सरकारी स्थळांवर तिकीट कार्डानेच काढावं लागतं. परदेशात चालणारी दोन कार्डं ठेवा, एक हमखास दगा देतं.

प्रतिसाद

पाऊस चेष्टा नाही! इजिप्तमधला सगळ्यात पावसाळी पट्टा तोच. वर्षाचा मिळून दोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गगनबावड्याचा एखादा दिवस. पण तो पडतो वादळासकट, आणि पाणी जायला गटारं पुरत नाहीत. तिथल्या लोकांनी या हिवाळी वादळांना ठरलेली नावं दिलीत, आपल्या नक्षत्रांसारखी. नोव्हेंबरच्या मध्यावरच्या वादळाचं नाव 'मकनसा', म्हणजे केरसुणी. तुमच्याच तारखा! एक दिवस मोकळा ठेवा. पाऊस लागला तर तो वाचनालयात घालवा. २००२ साली उघडलेल्या इमारतीत आत पुरातन वस्तूंचं संग्रहालय आणि हस्तलिखितांचं दालन आहे, लिफ्टही आहेत. ग्रॅनाइटच्या बाहेरच्या भिंतीवर जगभरातल्या लिप्या कोरल्यात. शुक्रवारी वेळा वेगळ्या असतात, तेवढं बघून जा.

प्रतिसाद

जेवणाचं सांगते. 'सियामी' हा शब्द पाठ करून जा. कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं (मासा कधीकधी चालतो, तेव्हा "समक नको" हे जोडा). 'व्हेज' म्हटल्यावर चिकनचे बारीक तुकडे घातलेलं आणून देतात, 'सियामी' म्हटलं की लगेच कळतं. कोशरी मिळेलच, भात-मसूर-मॅकरोनीची खिचडी म्हणा ना. 'फूल' (शिजवलेले बाकल्याचे दाणे) आणि 'तामिया' (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) नाश्त्याला. मुलुखियाची भाजी दिसायला आपल्या पालेभाजीसारखी, पण बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली, ती टाळा.

प्रतिसाद

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. 'पॉम्पीचा खांब' पॉम्पीचा नाही, तो सम्राट डायोक्लेशियनच्या नावाने उभारलाय. शुकाफापासून जवळच आहे, जमीन ओबडधोबड पण पायऱ्या फारशा नाहीत. आणि अलेक्झांड्रियाचं ते प्रसिद्ध प्राचीन दीपगृह शोधत फिरू नका, ते चौदाव्या शतकातल्या भूकंपांत गेलं. त्याच जागी १४७७ ला काइतबाय किल्ल्याचं काम सुरू झालं.

तुमच्या आईंसाठी मुद्दाम: भारतातला माल तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत उतरायचा, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कॉप्टॉस गावाला, तिथून नाईलने अलेक्झांड्रियात. दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखात) मुझिरिसहून, म्हणजे केरळातल्या प्राचीन बंदरातून, आलेल्या जहाजाचा हिशेब आहे. जकात किती? चौथा हिस्सा. ग्रीक शब्द 'तेतार्ते', आपल्याकडे सरळ 'चौथाई'. पोसायडन याच वाटेने उलटा आला असावा. बाईंना विचारा, त्याच्यावर चौथाई कुणी भरली असेल.

प्रतिसाद

वेगळं मत. दोन रात्री पुरे, तिसरा दिवस अल अलामेनला, दुसऱ्या महायुद्धातल्या रणभूमीला, द्या. पश्चिमेला शंभरेक किलोमीटर, गाडी करून जाता येतं. युद्धस्मशानात भारतीय सैनिकांचीही नावं आहेत.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार! तीन रात्रीच ठरवल्या, रमल स्टेशनजवळ. पहिल्या दिवशी फक्त स्टेशनालगतचं कोम अल-दिक्काचं रोमन नाट्यगृह, आणि जमलं तर ग्रीको-रोमन म्युझियम (बरीच वर्षं बंद होतं, २०२३ ला उघडलं म्हणे). दुसऱ्या दिवशी शुकाफा आणि खांब. तिसरा दिवस केरसुणीच्या स्वाधीन. अलामेनचं आईला विचारलं, तर म्हणाली, "युद्धं तीस वर्षं शिकवली, आता नको."

चौथाईवर ती दोन दिवस हसतेय. आमच्या इमारतीच्या एका मजल्याला १८ पायऱ्या आहेत, म्हणजे शुकाफा साडेपाच मजले. सध्या रोज संध्याकाळी दोन मजले चालू आहेत, कठडा धरून. शेजारच्या काकू विचारतात, "लिफ्ट बंद आहे का?"

एकच राहिलं. गुडघ्याचा पट्टा विमानतळाच्या तपासणीत काढायला लावतात का? धातूच्या पट्ट्या असलेला आहे.