एकाच फाइलची दोन 'दृश्यं': व्ह्यूला मराठीत काय म्हणता?

दौत-टाक

एका ऑफिस सॉफ्टवेअरच्या मदत-पानांचं मराठी भाषांतर करते आहे आणि चार दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. मूळ वाक्याचा आशय असा : एकच डॉक्युमेंट एकापेक्षा जास्त व्ह्यूंमध्ये उघडता येतं आणि एका व्ह्यूमध्ये केलेला बदल बाकीच्यांतही लगेच दिसतो. मी लिहिलं, 'एकाच दस्तऐवजाची अनेक दृश्ये उघडता येतात.' दुसऱ्या दिवशी वाचलं तर नाटकाची संहिता हातात असल्यासारखं वाटलं. अंक पहिला, दृश्य तिसरं.

नुसतं कानाला खटकलं असतं तर सोडून दिलं असतं. पण माझ्या आत्याने या शब्दापायी तीन आठवड्यांचं काम घालवलं आहे. ती आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करत होती, दीडशेच्या वर पानं. वंशावळ बाराव्या पानावर आणि त्या त्या शाखेची हकिकत शंभराच्या पुढे, त्यामुळे सारखं वर-खाली करावं लागे. कुणीतरी सांगितलं, मेनूत 'नवीन पटल' (म्हणजे न्यू विंडो) आहे ते दाब. तिने दाबलं. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली, वर नावापुढे दोन टिंबं आणि 2 असा आकडा. तिला वाटलं ही दुसरी प्रत. म्हणून तिने तिच्यात बिनधास्त काटछाट केली, तीन शाखा उडवल्या, 'सेव्ह' केलं, दोन्ही बंद केल्या. दुसऱ्या दिवशी 'मूळ' फाइल उघडली तर तिथूनही शाखा गायब. पेनड्राइव्हवर तीन आठवड्यांपूर्वीची फाइल होती, तेवढीच वाचली.

तेव्हा मला असा शब्द हवा आहे, जो वाचल्यावर कळेल की कागद एकच आहे, बघायच्या जागा दोन आहेत. सुचवा.

तिफण

व्ह्यू. व्ह्यूच लिहा. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतो. पोरं खेड्यातून येतात, इंग्रजीचा गंध नसतो, पण फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू पहिल्या आठवड्यात पक्कं होतं. एक लोखंडी ठोकळा टेबलावर ठेवायचा, समोरून काढ, वरून काढ, बाजूने काढ. ठोकळ्याला भोक पाडलं की तिन्ही चित्रांत ते दाखवावं लागतं : एकात गोल म्हणून, बाकी दोनांत तुटक रेषांनी. वस्तू एक आणि व्ह्यू तीन हे त्यांना कुणी वेगळं समजावून सांगत नाही. तुमच्या आत्यांना हवा तो अर्थ या शब्दात आधीच आहे. त्यांना 'पटल' या शब्दाने फसवलं, व्ह्यूने नाही.

मोडीवाचक

तिफण, तुमच्या वर्गात ठोकळा समोर असतो म्हणून शब्द कळतो. ठोकळा उचला आणि मग विचारा.

माझा पर्याय : दर्शन. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. एकाला लांबून मुख दिसतं, दुसरा पायांवर डोकं टेकवतो. दोन रांगांसाठी विठ्ठल दोन आहेत असं कुठल्या वारकऱ्याला वाटतं का? 'वस्तू एक, पाहणं अनेक' हे सांगायला आपल्या भाषेत शेकडो वर्षं चाललेला शब्द आहे. षड्दर्शनंही त्यातूनच आली. आणि 'दस्तऐवज' कशाला? लेख म्हणा. 'लेखाची दोन दर्शने.'

दौत-टाक

मोडीवाचक, पंढरपूरचं उदाहरण फार आवडलं, खरंच. पण शब्द शेवटी बटणावर जाणार आहे. 'नवीन दर्शन', 'दर्शन बंद करा'. बंद करा म्हटलं की देवळाच्या दारावरची पाटी डोळ्यांपुढे येते. शिवाय दर्शन घेतात किंवा देतात. आत्याला त्यात खोडायचं आहे, लिहायचं आहे. दर्शनात कुणी हात घालत नाही.

पाणंद

ताई, आधी हे बघा की व्ह्यू हा एकच शब्द तीन कामं करतो. मेनूतला व्ह्यू म्हणजे 'पाहा', आज्ञा किंवा क्रिया. प्रिंट लेआउट, आउटलाइन वगैरे व्ह्यू म्हणजे पाहण्याची तऱ्हा. आणि तुम्ही अडलात तो तिसरा : त्या फाइलकडे उघडलेली एक जागा. तिन्हींना एकच मराठी शब्द शोधत बसलात तर मिळणार नाही.

हा तिसरा अर्थ आमच्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यातला. 1979 मध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली. मॉडेल म्हणजे खरी माहिती, व्ह्यू म्हणजे तिचं पडद्यावर दिसणारं रूप. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिहायच्या तयार कोडच्या संग्रहावर) काम केलेल्या प्रत्येकाने 'डॉक्युमेंट-व्ह्यू' घोकलेलं आहे. डॉक्युमेंटकडे स्वतःच्या व्ह्यूंची यादी असते. एका व्ह्यूमध्ये अक्षर टाइप केलं की ते व्ह्यूमध्ये राहत नाही, डॉक्युमेंटमध्ये जातं. मग 'अपडेट-ऑल-व्ह्यूज' या नावाच्या फंक्शनने डॉक्युमेंट बाकीच्या व्ह्यूंना सांगतं, बाबांनो, बदल झालाय, पुन्हा काढा. मी हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा एका खिडकीत आकड्यांचा तक्ता आणि दुसरीत त्याच आकड्यांचा आलेख ठेवला होता. 40 चे 90 केले आणि शेजारच्या खिडकीतला खांब माझ्या डोळ्यांदेखत वर चढला. तो क्षण अजून आठवतो.

म्हणजे व्ह्यूच्या पोटात काहीच साठवलेलं नसतं. तो पुसला तरी डॉक्युमेंट शाबूत. पण व्ह्यूमधून पुसलं तर डॉक्युमेंटच पुसलं जातं. आत्यांचं झालं ते हे. शब्द निवडताना या दोन वाक्यांतला फरक धरून ठेवा.

अवांतर : खिडकी आणि व्ह्यू यांचीही गल्लत नको. वर्डमध्ये 'स्प्लिट' केलं की खिडकी एकच राहते, तिचे आडवे दोन भाग होतात आणि दोन्हींत त्याच फाइलची वेगवेगळी पानं दिसतात. ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये तर नावं उलटीपालटी. आपण ज्याला विंडो म्हणतो तिला ते फ्रेम म्हणतात, तिच्या आतल्या कप्प्याला विंडो, आणि मजकूर असतो बफरमध्ये.

शेवटचा डबा

मी रेल्वेच्या आरक्षणात नोकरी केली, आता निवृत्त. पाणंद यांनी लिहिलं ते वाचताना आमची तिकीट खिडकीच समोर आली.

संगणक येण्याआधी गाडी खिडकीला बांधलेली असे. अमुक गाडीचं रजिस्टर अमुक खिडकीवर. तुम्ही चुकीच्या रांगेत तासभर उभे राहिलात तर आतला माणूस म्हणायचा, ती गाडी माझ्याकडे नाही, शेजारी जा. त्याच्याकडे ती वही नसायचीच, तो तरी काय करणार! 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांतलं आरक्षण संगणकावर गेलं आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. पाच खिडक्या, आत एकच नोंद. मी तीन नंबरच्या खिडकीवर बर्थ दिला की पाच नंबरच्या माणसाला तो दिसायचा बंद. पहिले काही दिवस आम्हीच एकमेकांना ओरडून विचारायचो, 'घेतलास का रे तो खालचा?' मग सवय झाली.

लोकांना हे सांगावं लागलं नाही. 'खिडकी' म्हटल्यावर त्यांना कळतं की माल आत आहे, खिडकीत नाही. सरकारची 'एक खिडकी योजना' आहे, तिथेही तोच अर्थ. खिडकीला कुणी प्रत समजत नाही. मी म्हणतो, सरळ 'दुसरी खिडकी' लिहा.

दौत-टाक

शेवटचा डबा काका, हे वाचून अंगावर काटा आला. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं.

अडचण एवढीच, की आमच्या शब्दसंचात विंडोला आधीपासून 'पटल' ठरलेलं आहे. शेकडो ठिकाणी आहे. आणि पटल म्हटलं की मला पडदा, आवरण, झाकणारं काहीतरी आठवतं. काळाच्या पटलाआड.

कोनाडा

विंडोला खिडकी आणि तिच्या आतल्या भागाला, म्हणजे स्प्लिट केल्यावरच्या कप्प्याला, तावदान! एवढा चांगला शब्द वापरातून चालला आहे. आमच्या वाड्यात माडीवर रंगीत काचांची खिडकी होती, सहा तावदानं. लाल तावदानातून अंगण लाल दिसायचं, निळ्यातून निळं, आणि एक काच फुटली होती तिथून खरं दिसायचं. अंगण तेच. व्ह्यूलाच तावदान म्हटलं तरी चालेल असं आता लिहिता लिहिता वाटू लागलंय.

व्युत्पत्ती आजोबांनी सांगितलेली : ताव म्हणजे कागदाचा ताव. काच महाग होती तेव्हा चौकटीत कागदाचे ताव लावत, ते तावदान. डॉक्युमेंटसाठी याहून जवळचा शब्द कुठला असणार?

मोडीवाचक

आजोबांचा मान राखून सांगतो, तावदान हा फारसी 'ताबदान'. ताब म्हणजे तेज, उजेड. दान म्हणजे ठेवायची जागा, अत्तरदाणी-पिकदाणीतली दाणी तीच. उजेडाची जागा. कागदाचा इथे काही संबंध नाही.

आणि फारसीच आणायचं असेल तर माझ्या 'दर्शना'ने काय घोडं मारलं? गवाक्ष आहे, वातायन आहे. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. योगायोग बघा, इंग्रजी विंडोही मुळात जुन्या नॉर्सचा 'विंडाउगा', वाऱ्याचा डोळा. आपल्या दोन शब्दांत मिळून त्यांचा एक शब्द बसतो. रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश केला तो उगीच नाही. शिवाजी महाराजांनी राज्य चालवताना शब्दांकडे लक्ष दिलं.

तिफण

दिलं, आणि त्या कोशातले कित्येक शब्द कोशातच राहिले. दस्तऐवज, तारीख, अर्ज, वकील आजही अरबी-फारसीच आहेत आणि माझ्या आईला ते मराठीच वाटतात. गवाक्ष बटणावर लिहिलंत तर ती संगणक बंद करून उठेल.

माडाखाली

आमच्या गोव्यात खिडकी म्हणजे जनेल, पोर्तुगीज जनेला. जुन्या घरांतून काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात, चपटे अर्धपारदर्शक शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले. उजेड आत येतो पण बाहेरचं काही दिसत नाही. त्यामुळे कोनाडा, तुमचं तावदान म्हटलं की त्यातून बघायचं हे मला पटत नाही. आमच्याकडच्या शिंपल्यांना मोडीवाचकांची उजेडाची जागाच बरोबर लागू पडते.

पाणंद

लिंगाचंही ठरवा. विंडो आपण स्त्रीलिंगी केली, खिडकीच्या ओढीने. फाइल स्त्रीलिंगी. व्ह्यू मात्र 'तो व्ह्यू', आणि अनेकवचनही व्ह्यूच. 'सर्व व्ह्यूंमध्ये' लिहिताना हात अडखळतो. मूळ धाग्यातही ताईंनी 'व्ह्यूंमध्ये' लिहिलंय, बघा.

तिफण

अडखळू दे. 'व्ह्यूमध्ये' लिहा, अनुस्वार गाळा. वर्गात आम्ही 'तिन्ही व्ह्यूत' म्हणतो.

मोडीवाचक

अनुस्वार गाळा म्हणजे काय? सामान्यरूपाचा अनेकवचनी अनुस्वार हा नियम आहे, सवलत नाही. इथूनच भाषा सैल होते.

शेवटचा डबा

आमच्या सूचनाफलकावर 'सर्व खिडक्यांवर' असं लिहिलेलं असायचं. अनुस्वार बिनचूक. देशी शब्दाला हा प्रश्नच येत नाही, हाही एक मुद्दा धरा.

दौत-टाक

शुक्रवारी भाषांतर द्यायचं होतं. काल आत्याला फोन करून तीन वाक्यं वाचून दाखवली, आधी काही न सांगता.

'या दस्तऐवजाचे नवीन दृश्य उघडा.' म्हणाली, चित्र येणार का त्यात?

'या दस्तऐवजाचा नवीन व्ह्यू उघडा.' म्हणाली, नवीन म्हणजे कोरं पान ना?

'हाच दस्तऐवज आणखी एका खिडकीत दाखवा.' यावर थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'म्हणजे एकीकडे पुसलं की दुसरीकडेही जाणार. तेव्हा हे असं का नव्हतं लिहिलं गं?'

तिसरं वाक्य पाठवलं आहे. पटल बदलण्याबद्दल वेगळी विनंती केली आहे, बघू. व्ह्यू या नामाला शब्द मात्र अजून नाही. मदत-पानात तो सतरा वेळा येतो, आणि प्रत्येक ठिकाणी मला नाम टाळून 'दाखवा', 'दिसते' असं क्रियापद वापरावं लागलं.

पाणंद

'हाच' आणि 'आणखी एका' यांनी काम केलं, ताई. नामाने नाही. 'नवीन' काढलंत ते सगळ्यात महत्त्वाचं.

मोडीवाचक

वाक्य उत्तम आहे, मनापासून सांगतो. पण सतरा ठिकाणी नाम टाळणं म्हणजे शब्द नसल्याची कबुली. तांत्रिक भाषेला नाम लागतंच. उद्या कुणी या विषयावर मराठीत पाठ्यपुस्तक लिहायला बसला तर पहिल्या पानावर काय लिहील? मी दर्शनावर ठाम आहे.

कोनाडा

तावदानाचं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ताबदान मान्य. पण कागदाचा ताव तरी कुठून आला? चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांचं रीम, हे मी दुकानात बसून मोजलं आहे. लहानपणी फुटक्या तावदानाला खळ लावून ताव चिकटवताना आजोबा दोन्ही शब्द एकाच वाक्यात म्हणायचे. कुणाकडे जुना कोश असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा ना.