पुएब्ला: देवदूतांचं शहर आणि ‘भारतीय राजकन्या’, यात खरं किती?

भटक्या_नाशिककर:
पुढच्या महिन्यात मेक्सिकोतल्या पुएब्लाला जातोय. हे शहर देवदूतांनी आखलं, कॅथेड्रलची घंटाही त्यांनीच चढवली, असं वाचलं. शिवाय तिथला ‘चिना पोब्लाना’ हा पोशाख एका भारतीय राजकन्येनं आणला म्हणे. जाणकारांनी सांगावं.

पुएब्लावासी:
नवऱ्याच्या मोटारकारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही इथेच राहतो. १६ एप्रिल १५३१ ला शहर वसलं. बिशप हुलिआन गार्सेस यांना स्वप्नात देवदूत दोऱ्यांनी जमीन मोजताना दिसले, ही दंतकथा. शहराला १५३८ मध्ये मिळालेल्या मानचिन्हावरही देवदूत आहेत. पण पहिली वस्ती पावसात बुडाली आणि लोकांना नदीपलीकडे हलावं लागलं. आणि राबले कोण? त्लाश्काला, चोलुला, उएहोत्सिंगोहून आणलेले मूळनिवासी. साडेआठ टनांच्या आसपास वजनाची ती घंटा मजूर झोपले असताना देवदूतांनी वर नेली, असं सांगतात तेव्हा मला त्या मजुरांचंच वाईट वाटतं. त्यांचं श्रेयही गेलं.

राजकन्येचं म्हणाल, तर बाई खरी आहे. मूळ नाव मिर्रा. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला नेली. तिथे बाप्तिस्मा होऊन ती कातारिना दे सान हुआन झाली. मग मनिलाच्या बाजारातून विकत घेऊन गलबतानं मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर, तिथून पुएब्ला. मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाच्या घरी ती गुलाम होती. मनिलाकडून आलेल्या प्रत्येक आशियाई माणसाला इथे चिनीच म्हणत, म्हणून ‘चिना’.

सह्याद्रीची_लेक:
मग राजघराण्याचं काय? मोगलांशी नातं होतं असंही वाचलंय.

पुएब्लावासी:
ताई, ते तिच्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) चरित्रकारांनी लिहिलंय. आलोन्सो रामोस यांनी १६८९ पासून तीन खंड काढले, त्यात चमत्कारांची रेलचेल. इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्यांवर बंदी घातली, तिच्या तसबिरींवरही घातली. राजकन्या असण्याला स्वतंत्र पुरावा नाही. माझं मत विचाराल, तर कुणाची तरी पोर होती हे पुरेसं आहे. राजघराण्याचा टिळा लावल्याशिवाय तिचं दुःख मोठं ठरत नाही का?

पुढे ती मुक्त झाली आणि साध्वी म्हणून शहरात मान मिळाला. ५ जानेवारी १६८८ ला वारली, तेव्हा अंत्ययात्रेला गर्दी लोटली होती.

पोशाख मात्र तिचा नाही. भरतकामाचं पांढरं पोलकं, टिकल्यांचा घेरदार घागरा ही एकोणिसाव्या शतकातली मेक्सिकन फॅशन. कातारिना साध्या, जाड्याभरड्या कपड्यांत राहायची. पोशाखाशी तिचं नाव नंतर जोडलं गेलं.

भटक्या_नाशिककर:
मन:पूर्वक आभार. तिच्या खुणा कुठे बघता येतील?

पुएब्लावासी:
मुख्य चौकापासून चालत जा, ला कॉम्पानीआ या जेझुइट चर्चमध्ये तिचं दफन झालं. तिथे आधी जा. मग पालाफॉक्सियाना ग्रंथालय. १६४६ मध्ये बिशप पालाफॉक्स यांनी ५,००० पुस्तकं दिली, त्यातून ते उभं राहिलं. त्याला निवांत वेळ द्या. दुकानांत टिकल्यांच्या घागऱ्यातल्या ‘हिंदू राजकन्ये’च्या बाहुल्या दिसतील. विक्रेत्याला मिर्राचं नाव आवर्जून सांगा. मी दर वेळी सांगते.