धारण तलावांतला गाळ उपसल्याने खाडीचे पाणी सुधारेल का?

खाडीकाठचा
नवी मुंबईतल्या धारण तलावांचा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट होल्डिंग पॉंड म्हणतो त्यांचा विषय निघाला की चर्चा 'यंदा वाशी तुंबणार का' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. खाडीत उतरणाऱ्या पाण्याच्या प्रतीवर या तलावांचा काय परिणाम होतो, याविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हा धागा.

सिडकोने खाजणांच्या आणि मिठागरांच्या सखल जमिनीवर शहर वसवताना डच धर्तीची योजना केली. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी तलावात थोपवायचे आणि ओहोटी लागली की ठाणे किंवा पनवेलच्या खाडीत सोडायचे. तलावाच्या मुखाशी झडपांचे दरवाजे असतात. बाहेरचे पाणी चढले की ते मिटतात, उतरले की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ही व्यवस्था पुरासाठी होती, पण थोपलेले पाणी निवळते, त्यामुळे रस्त्यांवरची माती, टायरांची झीज आणि मातीला चिकटलेला फॉस्फरस तळाशी बसतो. अडचण अशी की बसलेला गाळ वर्षानुवर्षे तिथेच राहिला आहे. मागच्या महिन्यात ओहोटीला एका तलावाच्या मुखाशी उभा होतो. दरवाजाखालून निघालेले पाणी आधी करडे आणि मग चक्क काळे झाले, आणि सडक्या अंड्यांचा वास रस्त्यापर्यंत आला. माझे म्हणणे स्पष्ट आहे: गाळ उपसल्याशिवाय हे तलाव खाडीचे रक्षक नव्हेत, प्रदूषणाचे कोठार आहेत.

निवळी
आपले निदान अर्धे बरोबर आहे, पण उपायाशी मी सहमत नाही, कारण आपण तलावाला गाळणीचे श्रेय देत आहात. साधा हिशेब करू. स्थिर पाण्यात ०.०१ मिलिमीटरचा मातीचा कण एक मीटर खाली जायला सुमारे तीन तास घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ तीन दिवस लागतात. दरवाजे भरतीपुरते काही तासच मिटलेले असतात. म्हणजे जाड गाळ खाली बसतो, पण ज्या बारीक कणांवर धातू, फॉस्फरस आणि जिवाणू सर्वांत जास्त चिकटलेले असतात, ते पुढच्या ओहोटीला थेट खाडीत जातात. तलाव दोन मीटर खोल केला तर कणाला अंतरच दुप्पट पडेल!

खाडीकाठचा
हिशेब गोड्या पाण्याचा आहे. खारे पाणी मिसळले की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि फार लवकर बसतात. खाडीच्या मुखाशी चिखल साचतो तो याचमुळे. शिवाय खोली वाढली की साठवणही वाढते आणि तेच पाणी अधिक वेळ थांबते, ते आपण हिशेबात धरलेले नाही.

पारंबी
खाऱ्या पाण्याचा उल्लेख आपणच केलात, तर तलावांत ते आले कसे, तेही सांगायला हवे होते. ज्या दरवाज्यांची झडप नीट मिटत नाही, तिथून भरती आत शिरली, तिच्यासोबत तिवराच्या बिया आल्या, आणि आज काही तलावांत पाण्यापेक्षा कांदळवनच जास्त आहे. ही झाडी पाण्याचा वेग मारते, गाळ धरून ठेवते, आणि मुळांभोवतीच्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. म्हणजे आपल्याला जी गाळणी हवी आहे, ती फुकट उभी राहिली आहे. तिच्यावर पोकलेन फिरवून साठलेले सल्फाइड आणि धातू एकदम ढवळून काढायचे आणि त्याला पाण्याची सुधारणा म्हणायचे? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरच्या कांदळवनांना जे संरक्षण दिले, त्यात कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही येतो, हे उपसा सुचवणाऱ्यांनी विसरू नये. पलीकडेच ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ढवळलेला गाळ तिथे पोहोचायला एक ओहोटी पुरे.

चार्ल्सटनहून
मी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर राहतो. इथे प्रत्येक नव्या वसाहतीसोबत पावसाच्या पाण्याचे तळे खोदतात आणि काठाची घरे 'लेक व्ह्यू' म्हणून चढ्या भावाने विकतात. (आपल्याकडे पाम बीच रोडला काय वेगळे आहे!) हिरवळीचे खत तळ्यात उतरते, उन्हात पाणी तापते आणि शेवाळ माजते. कियावा बेटावरच्या मचूळ तळ्यांत विषारी शेवाळाचे बहर संशोधकांनी नोंदवले आहेत, मासेही मेले आहेत. गाळ बसतो हे खरे, पण विरघळलेला नायट्रोजन बसत नाही. तो शेवाळात शिरतो आणि सेंद्रिय रूपात ओहोळातून खाडीत जातो. तळाशी प्राणवायू संपला की लोहाने धरलेला फॉस्फरसही पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे पारंबी यांचे कांदळवन असो की आपला उपसा, नाल्यातून काय येते ते थांबवल्याशिवाय दोन्ही अपुरे आहेत.

खाडीकाठचा
कांदळवनाचा मुद्दा मी कमी लेखला होता, हे मान्य करतो. तरीही झाडी नसलेल्या भागातला गाळ, तोही पाऊस संपल्यावर आणि दरवाजे बंद ठेवून काढावा, हा आग्रह मी सोडत नाही. झाडी दरवर्षी गाळ धरते म्हणजे तलाव दरवर्षी उथळ होतो, आणि उथळ तलावातून पहिल्या पावसाची घाण न थांबता खाडीत जाते.

सारसोळेकर
आमच्या घरी तीन पिढ्या खाडीवर जगल्या, म्हणून एक प्रश्न. आपण सगळे पावसाच्या पाण्यावर भांडत आहात, मग जानेवारीत नाल्यात पाणी कुठून येते? तेव्हा आभाळातून थेंब पडत नाही, तरी तलावात साबणाचा फेस असतो. मुखाशी पूर्वी निवटे आणि चिंबोऱ्या हाताने मिळत, आता जाळ्याला तेलकट काळे लागते आणि ते रॉकेलनेच निघते. पाणी तपासायचेच असेल तर पावसाळ्यात तपासू नका. जानेवारीतल्या अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास सरते. पाचला जेट्टीवर या, बाटल्या तुम्ही आणा, होडी माझी.