गार्सिया रोब्लेस यांचे नोबेल: त्लातेलोल्को कराराचे श्रेय नेमके कोणाचे?

चर्चाप्रस्ताव
मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस (१९११–१९९१) परराष्ट्रमंत्री म्हणून जेमतेम वर्षभर, डिसेंबर १९७५ ते १९७६, राहिले. त्यांचे खरे काम त्याआधीचे आहे. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगानंतर लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या वाटाघाटी त्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिको शहरात त्लातेलोल्को करार सह्यांसाठी खुला झाला. सर्व देशांची मान्यता मिळाल्याशिवाय करार लागू होऊ नये, असा ब्राझीलचा आग्रह होता, तर मेक्सिकोला तो तत्काळ हवा होता. त्यावर तोडगा असा निघाला की अटी कायम राहतील, पण ज्या देशाची इच्छा असेल त्याने त्या स्वतःपुरत्या सोडून द्याव्यात. माझ्या मते १९८२ चे नोबेल या एका कलमासाठीही योग्यच ठरते.

प्रतिसाद १
असहमत. ज्या दोन देशांचे अणुकार्यक्रम चिंतेचा विषय होते, त्यांच्यावर १९८२ मध्ये हा करार बंधनकारक नव्हता. अर्जेंटिनाने सही केली, पण मान्यता दिली नव्हती. ब्राझीलने मान्यता दिली, पण अटी सोडल्या नव्हत्या. ज्यांना अण्वस्त्रे नकोच होती त्यांनी ती न बनवण्याची शपथ घेतली, यात मुत्सद्देगिरी ती कोणती? १९९४ मध्ये हे दोघे आले, ते लष्करी राजवटी संपून परस्परांवर विश्वास बसल्यामुळे.

प्रतिसाद २
शिवाय अण्वस्त्रे या प्रदेशातून नेण्याच्या प्रश्नावर करार गप्पच आहे, आणि तेही महासत्तांना सांभाळून घेण्यासाठीच. मात्र या प्रदेशावर अण्वस्त्रे न वापरण्याचे व तशी धमकी न देण्याचे वचन घेणाऱ्या, कराराला जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलला पाचही अण्वस्त्रधारी देशांनी मान्यता दिली, हे मोठे यश मी नाकारत नाही.

चर्चाप्रस्तावक
विश्वास त्यांचा त्यांनी कमावला, हे मान्य. पण सर्वांची वाट पाहायची असती, तर क्यूबाच्या मान्यतेपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, करार कोणालाच लागू झाला नसता. सवलतीच्या कलमामुळे तो १९६९ पासून चालू राहिला, त्याची देखरेख करणारी ओपानाल ही संस्था उभी राहिली आणि राजकारण पालटले तेव्हा या दोन देशांना नव्याने काही मांडावे लागले नाही.

प्रतिसाद १
काहीच नाही कसे? १९९२ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील आणि चिली यांच्या आग्रहाने तपासणीची कलमे बदलावी लागली, आणि विशेष तपासणीचा अधिकार आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे गेला.

चर्चाप्रस्तावक
ती दुरुस्ती मी विसरता कामा नये. तरीही बदल झाला तो तपासणी कोणी करायची यात. अण्वस्त्रबंदीच्या मूळ कलमाला त्या तिघांनीही हात लावला नाही.