मदत हवी आहे: बार्बाडोसच्या गोल्फ रिसॉर्टमध्ये रात्रीचं जेवण, आई अंडंही खात नाही

प्रश्न (मिहिर_टोरांटो): नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर जातोय. बाबांच्या पंचाहत्तरीनिमित्त सेंट जेम्स भागात, म्हणजे सँडी लेन किंवा रॉयल वेस्टमोरलँड या गोल्फ रिसॉर्टांच्या बाजूला, गोल्फ कोर्सला लागून असलेल्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं आहे. मुक्काम दुसरीकडे आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे खातात. सोबत आठ वर्षांचा मुलगा. बुकिंग, आईचं जेवण, बिल आणि कपडे, चारही बाबतींत मदत हवी आहे.

सागरगोटा: आधी बुकिंग. ही ठिकाणं फाटकाच्या आत असतात. पहारेकऱ्याच्या यादीत नाव नसेल तर टॅक्सी तिथूनच परत फिरते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गर्दीचा हंगाम, त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. त्यातच विचारून घ्या: बाहेरच्या पाहुण्यांना त्या रात्री प्रवेश आहे का, लहान मुलांना वयाची अट आहे का, रद्द करायची मुदत किती.

टेबल साडेपाचचं मागा. फेब्रुवारीत तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार झटकन पडतो. सातला पोचलात तर हिरवळीचे पैसे मोजून काळोख बघाल. अगदी कडेचं टेबल मात्र नको, ओल्या हिरवळीजवळ डास फार. पायांना मलम लावून जा.

पुरुषांना फुल पँट आणि कॉलरचा शर्ट, पायात बंद बूट. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. मुलाच्या बॅगेत लष्करी छापाची टोपी किंवा चड्डी असेल तर घरीच ठेवा. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने तसे कपडे घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा.

खलबत्ता: मिहिर, आईंसाठी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून भागणार नाही. ईमेलमध्ये सरळ लिहा: मांस, कोंबडी, मासे, अंडं नको, मांसाचा किंवा माशाचा स्टॉक (ते उकळून काढलेलं पाणी), अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे), जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) नको, दूध, दही, लोणी, चीज चालतं. हा शेवटचा तुकडा विसरू नका. तो नसला की स्वयंपाकघर धोका पत्करत नाही, व्हीगन समजून तेलात भाजलेल्या भाज्यांची कोरडी प्लेट पाठवतं. दोन दिवस आधी पुन्हा कळवा आणि टेबलावर बसल्यावर वाढणाऱ्याला तिसऱ्यांदा सांगा, कारण ईमेल वाचणारा माणूस रात्री तिथे नसतो.

स्थानिक पदार्थांत कू-कू मागवा. भेंडी उकळून त्या पाण्यात मक्याचं पीठ सोडतात आणि लाकडी पळीने घोटत राहतात. पोत आपल्या उकडीसारखा मऊसूत. मुळात शाकाहारी, पण वरून माशाचा रस्सा ओततात आणि मोठ्या हॉटेलांत पाण्याऐवजी स्टॉक घालण्याची शक्यता असते. तेव्हा पाण्यातली कू-कू आणि टोमॅटो-कांद्याचा वेगळा रस्सा असं सांगा. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला कोकणातला नीरफणस. भाजून लोण्यासोबत मिळाला तर आईंना नक्की आवडेल. रताळं, अळकुड्या, भोपळा हेही तिथलं रोजचं खाणं आहे.

राइस अँड पीज (कडधान्य घालून शिजवलेला भात) टाळा, त्यात खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. मॅकरोनी पायमध्ये (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) बहुधा अंडं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, रिसोट्टोत (इटालियन मऊ भात) कोंबडीचा स्टॉक, ताज्या पास्त्यात अंडं, पाना कोटात (सायीचं थंड गोड) जिलेटिन. तळलेलं काही मागवाल तर मासे तळायचं तेल वेगळं आहे का ते विचारा. पिवळा पेपर सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो, आधी थेंबभरच घ्या.

हिशेबनीस: मेनूवरचं डॉलरचं चिन्ह कोणत्या डॉलरचं, हे ऑर्डरच्या आधी विचारा. 1975 पासून 2 बार्बाडोस डॉलर म्हणजे 1 अमेरिकी डॉलर, त्यामुळे गैरसमज झाला तर अंदाज थेट दुप्पट चुकतो. मग तळटीप वाचा: 17.5 टक्के व्हॅट किमतीत धरलाय की वरून लागणार? सेवाशुल्क साधारण 10 ते 15 टक्के. समजा 400 बार्बाडोस डॉलरचं जेवण आणि 10 टक्के सेवाशुल्क. व्हॅट आत असेल तर 440, म्हणजे 220 अमेरिकी डॉलर. व्हॅट वेगळा असेल तर 400 अधिक 70 अधिक 40, एकूण 510, म्हणजे 255. सेवाशुल्क लागलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. कार्डाच्या मशीनने चलन विचारलं तर स्थानिक निवडा, नाहीतर विनिमयाचा दर मशीनवाला लावतो.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं आणि कोणता डॉलर हे बसण्यापूर्वी ठरवा, परतीची वेळही तेव्हाच.

मिहिर_टोरांटो: खूप आभार! बाबांसाठी मासा कोणता?

खलबत्ता: फ्लाइंग फिश. पातळ तुकड्या, टोमॅटो, कांदा, थाइमच्या रश्श्यात वाफवलेल्या मागा, कू-कूसोबत खरी जोडी तीच. मेनूवर ‘डॉल्फिन’ दिसलं तर दचकू नका, तो माही-माही मासा. तो जास्त भाजला की चोथा होतो, म्हणून ग्रिलवरून लवकर काढायला सांगा.