हयातीत थट्टा, गेल्यावर उमाळे : मायकल जॅक्सनच्या निमित्ताने तुमचे अनुभव

२५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मायकल जॅक्सनचे निधन झाले आणि ज्याचे नाक नि ज्याचा वर्ण हे वर्षानुवर्षे नकलाकारांचे हक्काचे खाद्य होते, तो एका रात्रीत सर्वांचा लाडका झाला. आपल्याला कोड असल्याचे त्याने फेब्रुवारी १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीला दिलेल्या टीव्ही मुलाखतीत स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. तरी 'काळ्याचा गोरा' हा विनोद त्यानंतर सोळा वर्षे सुखेनैव चालला. शवविच्छेदनाच्या अहवालातही कोडाची नोंद झाली. ही थट्टा आणि नंतरचा शोक ज्यांनी जवळून पाहिला, विशेषतः ज्यांच्या घरात कोड आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे.

साताऱ्याहून : १९९६ साली तो मुंबईत कार्यक्रमासाठी आला, तेव्हा विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून त्याला ओवाळले. ते दृश्य टीव्हीवर पाहताना आमच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "दिव्याच्या उजेडात खरा रंग दिसतोय का बघा." सगळे हसले. मावशीच्या मनगटांवर तेव्हा नुकतेच डाग दिसू लागले होते. ऐन उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घाली आणि कपबश्या उचलताना पदर पुढे ओढून घेई. मंडळी दुष्ट नव्हती. तिच्याकडे पाहून कोणी अवाक्षर काढले नसते. पण परदेशी गवयाला हसताना तिच्याकडे पाहावे लागत नव्हते. तो गेल्यावर त्याच बैठकीत "बिचाऱ्याला म्हणे कोड होते" अशी हळहळ सुरू झाली, तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, "ते त्र्याण्णव सालीच पेपरात आले होते."

त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर : कोडात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, तो संसर्गजन्य नाही. डाग अंगभर पसरले की उरलेला रंगही औषधाने फिकट करून त्वचा एकसारखी करण्याचा उपचार असतो. मात्र हा पर्याय सुचवला की नातेवाईक हमखास विचारत, "म्हणजे मायकल जॅक्सनसारखे?" आणि रुग्ण खाली पाहत असे. त्याच्या मृत्यूनंतर हा प्रश्न थांबला, असे मला दिसले नाही.

शिक्षिका, कोल्हापूर : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या वर्षी त्याला 'श्रद्धांजली' म्हणून नृत्य बसवले होते. एका हातात चमचमता मोजा, डोक्यावर काळी हॅट आणि चेहऱ्यावर पावडरीचा जाड थर! पावडर काढायला सांगितली, तर बसवणाऱ्या सरांना नवल वाटले. पावडर नसेल तर तो मायकल आहे हे कळणार कसे, अशी त्यांची प्रामाणिक अडचण होती. त्यांना त्याच्याविषयी खरेच प्रेम होते, ही यातली गंमत.

लंडनहून : जुलैपासून येथे त्याचे पन्नास कार्यक्रम ठरले होते. त्याला ते झेपतील का, यावर ऑफिसात एक सहकारी टिंगल करी; तो गेल्यावर त्याच सहकाऱ्याने तिकिटाचे पैसे परत न घेता तिकीट आठवण म्हणून मागवले. ७ जुलैच्या शोकसभेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क नेते अल शार्प्टन त्याच्या मुलांना उद्देशून म्हणाले की, तुमच्या वडिलांमध्ये विचित्र काही नव्हते, त्यांना जे सोसावे लागले ते विचित्र होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे सहकारीही होते.

पुण्याहून, थोडा मतभेद : मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांतून २००५ साली न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले, तरी त्याबद्दलचे प्रश्न मृत्यूनंतरही विचारले गेले आणि ते विचारलेच पाहिजेत, त्यांना थट्टेच्या रांगेत बसवू नये. माझी तक्रार निराळी आहे. त्या गंभीर प्रश्नांवर आमच्या गप्पांत कधी दहा मिनिटेही खर्च झाली नाहीत. सगळा वेळ नाकावर आणि रंगावरच गेला.